फ्रीजमधला हिवाळा आणि जपानी मॅपल

जपानी मॅपलचे बी मराठवाड्यात उगवते का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

सुबाभळीचे बी पेरण्याआधी आपल्याकडे गरम पाण्यात घालतात, कारण त्याचे कठीण कवच पाणी आत शिरू देत नाही. मॅपलची अडचण केवळ कवचाची नाही. जपान आणि कोरियातील जंगलांत या झाडाची पंख असलेली जोडफळे शरद ऋतूत गिरक्या घेत खाली पडतात. बी लगेच उगवले तर कोवळे रोप हिवाळ्यात गोठून जाईल, म्हणून अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक अंकुराला रोखून धरते. ओलाव्यासह कित्येक आठवडे थंडी मिळाली की त्याचा प्रभाव ओसरतो, अंकुरायला चालना देणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा वाढतो आणि बी जागे होते. कोरडी थंडी येथे कामाची नाही, कारण हे बदल पाणी शोषलेल्या पेशींतच घडतात.

परभणीत पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन तापतेच, त्यामुळे फ्रीजचा आधार घ्यावा लागतो. पंख खुडून बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात भिजवावे, पिळून घेतलेल्या ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून पिशवीत भरावे आणि ३ ते ५ अंश सेल्सिअसला ९० ते १२० दिवस ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र नव्हे. ऑगस्टच्या मध्यात ठेवलेले बी डिसेंबरच्या सुमारास पेरता येते आणि रोपाला आपल्याकडचे त्यातल्या त्यात सुखाचे महिने मिळतात. प्रथम लांबट, अखंड कडांची दोन बीजपत्रे वर येतात. त्यांच्या टोकाला टरफल अडकलेले असले तरी ते ओढू नये. कातरलेली, टोकदार पाने त्यानंतरची. या दिवसांत पाणी जास्त झाले तर बुरशीने बुडखा कुजतो आणि काल ताठ असलेले रोप आज आडवे झालेले दिसते.

तांबड्या पानांच्या झाडाचे बी लावले म्हणून रोप तांबडेच निघेल असे नाही. पराग बहुधा दुसऱ्या झाडाचा असतो, म्हणूनच नावाजलेली वाणे कलमाने वाढवतात आणि बियांची रोपे खुंट म्हणून, म्हणजे कलम ज्यावर बांधतात ते मुळाकडचे रोप म्हणून, वापरतात. ‘निळ्या मॅपल’च्या बियांच्या जाहिरातींवर तर पैसे घालवूच नयेत, जाहिरातीतली ती गडद निळी पाने या झाडाला येत नाहीत.

खरी परीक्षा मार्चनंतरची. पारा चाळिशी ओलांडतो, कोरडे वारे सुटतात, मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा पातळ पानांतून जास्त पाणी उडते आणि पानांच्या कडा करपतात. त्यात आपली काळी जमीन चिकण, चुनखडीची. मॅपलला निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी माती लागते. सामू (pH) वाढला, म्हणजे माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. जालन्याच्या मोसंबीला पाणी तोडून ताण दिला की ती विश्रांती घेते आणि नंतर बहार धरते, पण मॅपलच्या कळ्यांची विश्रांती ताणाने नव्हे, दीर्घ थंडीनेच पुरी होते. बियाला फ्रीजमध्ये हिवाळा देता येतो, वाढत्या झाडाला तो दरवर्षी कुठून आणणार? थंडी न मिळालेल्या कळ्या उशिरा, विस्कळीत फुटतात आणि झाड खंगत जाते.

तरीही हौस असेल त्याने झाड जमिनीत न लावता कुंडीतच ठेवावे. कोकोपीट, परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके, पांढरे खडे) आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण भरावे, फक्त सकाळचे ऊन मिळेल अशी पूर्वेची जागा निवडावी, फेब्रुवारी संपतानाच शेडनेट बांधावी आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.