अमोनियाला पाणी का चालत नाही?

प्रयोगशाळेत काही वायू ‘पाण्यावर’ गोळा करतात, म्हणजे पाण्याने भरलेल्या उपड्या भांड्यात सोडून आतले पाणी खाली हटवतात. ‘ऑक्सिजन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो पाण्यावर गोळा करतात’ या उत्तराला गुण मिळतात, पण ते खरे नाही. तसे असते तर मासे जगलेच नसते. प्रश्न किती विरघळतो याचा आहे. २० अंश सेल्सिअसला, नेहमीच्या हवेच्या दाबाला, १ लिटर पाण्यात सुमारे ३१ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. हायड्रोजन जेमतेम १८. एवढी गळती परवडते. क्लोरीन जास्त विरघळतो, म्हणून तो मिठाच्या संपृक्त द्रावणावर धरतात, त्यात तो कमी विरघळतो.

अमोनियाची गोष्टच निराळी. १ मिलिलिटर पाण्यात तो सुमारे ७०० मिलिलिटर विरघळतो. कारंज्याच्या प्रयोगात अमोनियाने भरलेला चंबू उपडा धरून त्याची नळी खालच्या पाण्यात बुडवतात. चंबूत पाण्याचे काही थेंब शिरले तरी आतला दाब कोसळतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. चंबू पाणी ‘ओढत’ नाही. नळीच्या टोकाशी उसळणारे कारंजे हे बाहेरच्या दाबाचे काम. चंबू आतून ओलसर असेल तर वायू आधीच त्या ओलीत मुरतो आणि कारंजे उडतच नाही. म्हणून वायू कळीच्या चुन्यावरून नेऊन कोरडा करतात. कॅल्शियम क्लोराइड इथे चालत नाही, ते अमोनियाशीच संयोग पावते. हवेपेक्षा हलका असल्याने हा वायू उपड्या, कोरड्या वायुपात्रात हवा खाली हटवून भरतात.

अमोनिया मुद्दाम पाण्यात विरघळवायचा असेल तर नळी सरळ पाण्यात बुडवू नये. पाणी नळीतून मागे चढते, वायू जिथे तयार होतो त्या तापलेल्या परीक्षानळीत पोहोचते आणि काच तडकते. नळीच्या टोकाला उपडे नरसाळे लावावे, त्याची कड पाण्याला जेमतेम टेकलेली ठेवावी. पाणी नरसाळ्यात चढले की चंचुपात्रातली पातळी उतरते, कड उघडी पडते, हवा आत शिरते आणि चढलेले पाणी परत खाली येते. हेच पुन्हापुन्हा घडत राहते. मात्र भांडे अरुंद हवे. पसरट द्रोणीत नरसाळेभर पाणी वर गेले तरी पातळी हलत नाही, कड बुडालेलीच राहते आणि पाणी थेट नळीत घुसते. कड दोन-तीन सेंटीमीटर खोल बुडवली तरी तेच होते.