‘पुसणी’ बिलिंगच्या आतून सुरू करू नका
(डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गिऱ्हाईक काउंटरवर वाकून खरेदीचा भाव वाचायला लागलं, की कंट्रोल-आल्ट-पी दाबा. पडदा कोरा होतो. पुन्हा दाबलं की होता तसा परत येतो. ‘पुसणी’ हा आमचा छोटा प्रोग्रॅम, एकदा सुरू केला की मेमरीत बसून राहणारा. तिचं काम एवढंच, आणि ते ती चोख करते. तरी एक तक्रार सारखी येते: बिलिंग बंद करून अकाउंटिंग उघडायला गेलं की ‘प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी’ असं दिसतं, म्हणजे पुसणीनं मेमरी खाल्ली.

पुसणीला लागते साधारण ५ केबी. पडद्यावर ८० × २५ म्हणजे २००० अक्षरं मावतात. प्रत्येकाचा एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा. हे ४००० बाइट जपून ठेवल्याशिवाय पडदा परत आणता येत नाही. डॉसच्या प्रोग्रॅमना मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीत एवढ्यानं काही अडत नाही.

अडतं ते ती कुठे बसली यामुळे. बिलिंग चालू असताना पुसणीची आठवण होते, मग मेनूतून ‘डॉस’मध्ये जाऊन ती सुरू केली जाते आणि एक्झिट करून परत बिल करायला घेतलं जातं. त्या वेळी सगळं नीट चालतं, म्हणून चूक कळतच नाही. पण पुसणी बिलिंगच्या वर जाऊन बसलेली असते. बिलिंग बंद केलं की त्याची जागा मोकळी होते, पुसणी मात्र मध्येच राहते. डॉसला प्रोग्रॅमसाठी सलग जागा हवी. पंगतीत मधोमध एक जण बसून राहिला, तर दोन्ही बाजूंना पाट रिकामे असूनही मोठं कुटुंब एकत्र बसू शकत नाही, तसं होतं. मेमरीचा हिशोब दाखवणारा ‘मेम’ हा कमांड भरपूर मेमरी मोकळी दाखवतो, आणि अकाउंटिंग तरी उघडत नाही.

असं झालं तर मशीन रीस्टार्ट करा. पुन्हा होऊ नये म्हणून ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) बिलिंगच्या ओळीआधी पुसणीची ओळ घाला. ३८६ किंवा पुढचं मशीन, डॉस ५ किंवा पुढचं आणि ईएमएम३८६ (डॉससोबत येणारा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम) नीट बसवलेलं असेल, तर त्या ओळीत आधी ‘एलएच’ (लोडहाय) लिहा. मग पुसणी ६४० केबीच्या वरच्या मेमरीत जाते आणि ६४० केबीला धक्काही लागत नाही.

‘पुसणी काढायला गेलं तर निघत नाही’ असंही सांगतात. तिच्यानंतर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनं कीबोर्डचा इंटरप्ट (की दाबली की मशीन ज्या पत्त्यावर जातं तो) धरला असेल, तर ती मुद्दाम नकार देते. कारण त्या प्रोग्रॅमकडे पुसणीचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. ती निघून गेली, तर पुढची की दाबताच तो रिकाम्या मेमरीत उडी मारेल आणि अर्धवट बिलासकट मशीन अडकेल. नंतरचा प्रोग्रॅम आधी काढा, मग पुसणी निघते. हा नकार आम्ही काढून टाकणार नाही.

विंडोज एक्सपीत पुसणी फक्त ज्या डॉस खिडकीत सुरू केली तिथेच चालते. ६४-बिट विंडोजवर ती चालत नाही. त्यासाठी जुनं मशीन फ्रीडॉसवर (डॉसच्या मोफत पर्यायावर) लावून देण्याचं काम आम्ही करतो.

कंट्रोल-आल्ट-पी तुमच्या सॉफ्टवेअरला आधीच लागत असेल, तर दुसरी की बसवून देतो. पुसणी घेतलेल्यांना त्याचे पैसे नाहीत. येताना ऑटोएक्झेक.बॅट, कॉन्फिग.सिस (डॉसच्या सेटिंगची फाइल) आणि ‘मेम /सी’चा (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतो त्या यादीचा) प्रिंट घेऊन या.