मेथीच्या वासाची वाइन

मेथीदाण्याचा डबा उघडला की येणारा गोडसर, कडवट वास आठवा. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या ज्युरा भागात एक वाइन बनते, तिला हाच वास येतो. तिचं नाव ‘व्हँ जोन’, म्हणजे पिवळी वाइन. दोन्हीकडे करामत एकाच रेणूची आहे : सोटोलॉन.

ज्युरा हे नाव आपल्याला तसं ओळखीचं. इथल्या चुनखडीच्या डोंगरांवरूनच डायनोसॉरांच्या एका कालखंडाला ‘ज्युरासिक’ म्हणतात.

व्हँ जोन साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षांपासून करतात. एरवी वाइन लाकडी पिंपात मुरत असताना थोडी थोडी उडून जाते आणि पिंपात रिकामी जागा होते. हवा लागली की वाइनचं व्हिनेगर होण्याची भीती, म्हणून इतरत्र पिंपं सतत काठोकाठ भरत राहतात. इथे मुद्दाम भरत नाहीत. किमान सहा वर्षं आणि तीन महिने तिला हातच लावायचा नाही!

मग तिचं व्हिनेगर कसं होत नाही? कारण तिच्यावर साय धरते. साखर संपली की यीस्टच्या काही जाती पेशींवरचं आवरण बदलतात, वायूचे बुडबुडे धरून वर येतात आणि तरंगत राहतात. आता त्यांचं अन्न म्हणजे अल्कोहोल आणि वरून मिळणारा ऑक्सिजन. तो त्या स्वतःच वापरून टाकतात, त्यामुळे खालच्या वाइनपर्यंत फारसा पोहोचत नाही. या उद्योगात अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं आणि त्यातूनच पुढे सावकाश सोटोलॉन. लोणच्यावर बुरा आला की आपण बरणी टाकून देतो. इथे त्याच्या भाऊबंदाची वर्षानुवर्षं राखण करतात.

या सूक्ष्मजीवांचा मोठा अभ्यासक इथलाच, लुई पाश्चर. तो लहानाचा मोठा झाला आर्बवा गावात. १८७८ साली क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. सजीव यीस्टशिवायही द्राक्षरस आंबतो, असा त्यांचा रोख होता. पाश्चरचं म्हणणं नेमकं उलट होतं, तो चिडला. द्राक्षं हिरवी असतानाच त्याने आर्बवाजवळच्या आपल्या मळ्यात वेलींवर काचघरं उभारली आणि घडांना कापूस गुंडाळला. ऑक्टोबरात ती द्राक्षं चिरडली, तर रस आंबलाच नाही. उघड्यावरच्या द्राक्षांचा मात्र आंबला. म्हणजे यीस्ट फळाच्या आत नसतं, बाहेरून येतं. गंमत अशी, की १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या, पेशी नसलेल्या अर्कानेही साखर आंबवून दाखवली. बर्नार अगदीच चुकले होते असं नाही, पण काचघरांची ती जिद्द मला जास्त भावते.

व्हँ जोनची बाटलीही वेगळी. ‘क्लाव्हलँ’ नावाच्या या बुटक्या बाटलीत ६२ सेंटीलिटर मावते. एक लिटर वाइन सहा वर्षांत उडून जाऊन एवढीच उरते, असा तिथला हिशेब. पण बाटलीत गेल्यावर ती खूप टिकते. १७७४ सालच्या व्हँ जोनची एक बाटली २०१८ मध्ये लिलावात एक लाखाहून जास्त युरोंना गेली. ती ज्यांनी भरली, त्यांनी यीस्ट हा जीव असतो हे ऐकलंही नव्हतं.