ग्राफीनमधलं डोपिंग म्हणजे भेसळ नाही

"ग्राफीन जितकं शुद्ध तितकं भारी, डोपिंग केलं की माल हलका" हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. ग्राफीन म्हणजे एका अणूइतका जाड कार्बनचा थर, आणि डोपिंग म्हणजे त्यात मुद्दाम दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू बसवणं. 2004 मध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी ग्राफीन वेगळं काढलं, 2010 चं नोबेल मिळालं, तेव्हापासून शुद्धतेचं कौतुक चाललंय, आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक्ससाठी ते बरोबरच आहे.

पण सुपरकॅपॅसिटरचं, म्हणजे झटपट चार्ज होऊन वीज साठवणाऱ्या उपकरणाचं, गणित वेगळं. एक ग्रॅम ग्राफीनचं पृष्ठभाग क्षेत्रफळ थिअरीनुसार साधारण 2630 चौरस मीटर, म्हणजे जागा भरपूर, तरी शुद्ध ग्राफीनमध्ये चार्ज ठेवायला इलेक्ट्रॉनच्या पातळ्याच (त्यांना बसायच्या ऊर्जेच्या पायऱ्या) कमी असतात, त्यामुळे ती जागा पूर्ण वापरलीच जात नाही. काही कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला की त्याचा एक जादा इलेक्ट्रॉन कामी येतो, पातळ्या वाढतात, शिवाय काही नायट्रोजन स्वतःच रिॲक्शन करून आणखी चार्ज धरतात. बोरॉनकडे उलट एक इलेक्ट्रॉन कमी, तोही उपयोगीच.

अंगावर लावायच्या, रेणू ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये तर हे अजून स्पष्ट दिसतं, कारण शुद्ध ग्राफीनला बरेचसे रेणू नीट चिकटतच नाहीत, मग सिग्नल येणार कुठून? डोप केलेल्या जागी ते धरून राहतात.

हां, प्रमाण मात्र सांभाळावं लागतं, अति डोपिंगने कार्बनच्या अणूंची जाळी बिघडते आणि वीज वाहणं मंदावतं.