वेबसाइटचं साहित्य पाठवण्याआधी एवढं वाचा

होमस्टे, खानावळ, आंबा-काजू आणि घरगुती उत्पादनं विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘ॲडव्हान्स देऊन महिना झाला, वेबसाइट कधी चालू होणार?’ असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. होमस्टेची ५ पानांची वेबसाइट करायला आम्हाला कामाचे १२ दिवस लागतात. बाकीचे दिवस फोटो आणि मजकुराची वाट बघण्यात जातात. साहित्य येत नाही असं नाही. येतं, पण तुकड्यातुकड्यांनी येतं आणि बरंचसं व्हॉट्सॲपवर बारीक होऊन येतं. दोन खोल्यांचे फोटो सोमवारी, अंगणाचे गुरुवारी, खोल्यांचे दर व्हॉइस मेसेजमध्ये रात्री साडेदहाला आणि ‘बाकीचं नेहमीचं टाका’. नेहमीचं म्हणजे काय, ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

आधी फोटोंचं बघू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

हल्लीच्या साध्या मोबाईलचा फोटोसुद्धा साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तोच व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. त्यातून फोटो उभा असेल तर रुंदी उरते १२००. वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा मोठा आडवा फोटो लॅपटॉपवर नीट दिसायला आम्हाला १९२० पिक्सेल रुंदी लागते. १२०० चा फोटो ताणून १९२० केला की माडाच्या झावळ्यांचा हिरवा लगदा होतो आणि चिऱ्याची भिंत गेरू फासल्यासारखी दिसते. तो फोटो तुम्ही आम्हाला पाठवण्याआधी मुंबईच्या भावाकडून भाच्याकडे, भाच्याकडून तुमच्याकडे असा फिरून आला असेल, तर प्रत्येक फेरीत थोडा आणखी खराब झालेला असतो. ‘एचडी’ हे बटण दाबून पाठवलात तर फरक पडतो, पण तोही मूळ फोटो नव्हे.

‘माझ्या मोबाईलवर तर छान दिसतो की’ हे बरोबर आहे. सहा इंचांच्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. खोली बुक करणारं पुण्याचं कुटुंब मात्र सहलीचा बेत बऱ्याचदा घरच्या मोठ्या स्क्रीनवर बघून ठरवतं.

काही ग्राहक उलट विचारतात: तुम्ही तरी शेवटी फोटो बारीकच करता ना? हो, करतो. ४-५ एमबीचा फोटो २००-३०० केबीपर्यंत आणतो, नाहीतर मोबाईलच्या रेंजवर पान उघडणारच नाही. पण मोठ्या फोटोतून हवा तेवढा भाग कापून तो एकदाच, हिशोबाने बारीक करणं वेगळं आणि आधीच पिळलेला फोटो पुन्हा पिळणं वेगळं. कोकमाचं आगळ काढून झाल्यावर उरलेल्या सालांतून दुसऱ्यांदा आगळ निघत नाही, तसंच हे.

फोटो पाठवायचे कसे? व्हॉट्सॲपवरच पाठवायचे असतील तर चॅटमध्ये पिनचं चिन्ह दाबा, ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो उचला. असा गेलेला फोटो जसाच्या तसा पोहोचतो. ३० फोटो म्हणजे १२०-१५० एमबी होतात, तेव्हा वायफाय असेल तिथून किंवा रात्री रेंज मोकळी असताना पाठवा. त्याहून बरं म्हणजे गुगल ड्राइव्ह. जीमेल असलेल्या प्रत्येकाला तिथे १५ जीबी जागा फुकट असते. फोल्डर करा, त्याला ‘खोली १’, ‘खोली २’, ‘अंगण’, ‘जेवण’, ‘रस्ता आणि गेट’ अशी नावं द्या आणि आम्हाला लिंक पाठवा. लिंक पाठवताना ‘लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल’ हा पर्याय निवडा, नाहीतर आम्ही परवानगी मागत बसतो आणि तुम्ही ईमेल बघत नाही. आयफोनचे फोटो वेगळ्या प्रकारात येतात. ते आम्ही बदलून घेतो, तुम्ही त्यात हात घालू नका.

फोल्डरला नावं का, तर ४० फोटोंमध्ये पांढरी चादर आणि निळा पडदा असलेल्या ४ खोल्या आम्हाला सारख्याच दिसतात. चुकून नॉन-एसी खोलीचा फोटो एसीच्या दराखाली गेला, तर भांडण तुमच्या दारात होतं.

फोटो काढण्याबद्दल थोडंसं. मोबाईल आडवा धरा. काढण्याआधी लेन्स रुमालाने पुसा. खाऱ्या हवेने तिच्यावर चिकट थर बसतो आणि दिव्याभोवती धूर आल्यासारखं दिसतं. आपला समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ७ ते ९ या वेळात समुद्राकडे तोंड करून फोटो काढला तर सूर्य पाठीमागे राहतो आणि पाणी निळं येतं. दुपारी बाराला आकाश पांढरं पडतं. खोलीत ट्यूबलाइट बंद, खिडक्या उघड्या. दोरीवरचे कपडे, बादली, गॅसचं सिलिंडर आणि चार्जरची वायर बाजूला करा. न्हाणीघराचा एक फोटो हवाच. पाहुणे फोनवर न विचारता तोच आधी शोधतात. इंटरनेटवरून उचललेले किनाऱ्याचे फोटो आम्ही लावत नाही, ते दुसऱ्याच्या मालकीचे असतात. पाहुण्यांनी काढलेले चांगले फोटो असतील तर त्यांना एक मेसेज करून परवानगी घ्या, लोक आनंदाने देतात.

हे जमणार नसेल तर आम्ही येऊन अर्ध्या दिवसात फोटो काढून देतो, त्याचे पैसे वेगळे. त्यासाठी पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर सगळ्यात चांगला: हवा धुतलेली, परसात हिरवं आणि चिरे अजून ओलसर तांबडे.

मजकूर आणि त्याचा फाँट

जुनं माहितीपत्रक किंवा मेनूकार्ड प्रेसमधून करून घेतलेलं असेल तर ते बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतं. वेबसाइटला युनिकोड लागतो, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर मराठी मराठीच दिसेल असा मजकूर. ओळखायची सोपी युक्ती: त्या फाइलमधली दोन वाक्यं कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसली तर जुना फाँट. असा मजकूर आम्ही बदलून देतो, पण रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. ‘पर्यटन’चं ‘पयर्टन’ होतं, ‘मूर्ती’ची ‘मूतीर्’ होते. म्हणून बदललेला मजकूर तुमच्याकडे वाचायला पाठवतो. तो खरंच वाचा. नुसता अंगठा दाखवू नका.

टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि बोला. बऱ्यापैकी बरोबर येतं. गावांची, देवळांची आणि माशांची नावं तेवढी तपासा.

फ्लेक्सचा फोटो पाठवून ‘हेच टाका’ म्हणू नका. सहा बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवरची अक्षरं मोबाईलवर मुंगीएवढी होतात, आणि चित्रातला मजकूर गुगल शोधात नीट सापडत नाही. लोगो मात्र फ्लेक्सवाल्याकडूनच घ्या, मूळ कोरलड्रॉ फाइल किंवा पीडीएफ मागा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून त्यातून लोगो कापला की कडा दातेरी येतात.

होमस्टेवाल्यांनी मजकुरात काय द्यायचं? ‘निसर्गाच्या कुशीत’ आम्ही लिहू शकतो, ते सगळेच लिहितात. पाहुण्याला खोल्या किती, एका खोलीत किती माणसं झोपतात, गरम पाणी सोलरचं की गिझरचं, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, टेम्पो ट्रॅव्हलर दारापर्यंत येते की पाणंदीच्या तोंडाशी थांबते, जेवण घरात आहे का आणि ते आधी किती तास सांगायचं, हे हवं असतं. माशांच्या थाळीचा दर बाजारावर हलतो, तर तसंच लिहू: ‘सुरमई-पापलेट त्या दिवशीच्या दराने’. पावसाळी मासेमारी बंदीत आणि मे अखेर ते ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात तेव्हा काय मिळेल, काय नाही, हेही लिहून द्या. न लिहिल्यामुळे जुलैत स्कूबा करायला आलेली माणसं तुमच्याच ओटीवर रुसून बसतात.

पत्त्यात तालुका हवाच. मुरुड रायगडात आहे आणि दापोली तालुक्यातही आहे. पाहुणा नकाशावर पहिलं दिसेल त्या मुरुडला जातो. मालवणला येणाऱ्याला कुडाळ स्टेशनला उतरा असं स्पष्ट सांगा, नाहीतर किल्ल्याच्या नावावरून तो सिंधुदुर्ग स्टेशनचं तिकीट काढतो. नकाशाची पिन स्वतःच्या गेटपाशी उभं राहून पाठवा. अचूकता १०-१५ मीटरवर येईपर्यंत थोडं थांबा, घरात बसून पाठवलेली पिन शेजाऱ्याच्या गोठ्यात पडते.

आंबेवाल्यांचं वेगळं. पेटी म्हणजे किती डझन, फळ साधारण किती ग्रॅमचं, तयार पाठवता की आढीत घालायचं, कुठल्या शहरांत पाठवता, वाटेत फळ खराब झालं तर काय करता, हे पाचही हवं. आंब्याचा दर रोज बदलतो म्हणून दराचा फलक आम्ही असा करून देतो की तुम्ही मोबाईलवरून दोन मिनिटांत आकडा बदलू शकाल. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. पण ते चिन्ह लावायचं तर बागायतदार म्हणून तुमची स्वतःची अधिकृत वापरकर्ता नोंदणी लागते, तिची प्रत द्या. शेजाऱ्याच्या वेबसाइटवर आहे हे कारण चालत नाही. लोणची, आगळ, फणसपोळी विकत असाल तर फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर द्या. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पॅन, बँक खातं आणि पैसे परत करण्याचे नियम तयार ठेवा. नियमांचं पान नसेल तर पेमेंट कंपनी खातं मंजूर करत नाही.

सगळं आल्याशिवाय सुरुवात का नाही?

याबद्दल थोडी नाराजी असते, म्हणून कारण सांगतो. नमुन्याचा मजकूर टाकून ३ खोल्यांचं पान बनवलं आणि नंतर कळलं की खोल्या ७ आहेत, त्यातल्या २ माडीवर आणि त्यांचे दर वेगळे, तर पान दुरुस्त होत नाही, नव्याने मांडावं लागतं. ते काम आम्ही दुसऱ्यांदा फुकट करतो किंवा तुमच्याकडून पैसे घेतो. दोन्हींत कोणीतरी नाराज होतं. म्हणून १२ दिवसांची मोजणी शेवटचा फोटो आल्यापासून सुरू होते. दुरुस्तीच्या २ फेऱ्या किमतीत धरलेल्या आहेत. फेरी म्हणजे सगळ्या दुरुस्त्या एका यादीत, रोज एक मेसेज नव्हे.

आणि बोलणारा माणूस एक ठेवा. थोरले भाऊ मुंबईत, मुलगा पुण्यात, वहिनी खानावळ बघणार, आणि प्रत्येकाला वेगळा रंग आवडतो. घरात आधी ठरवा, मग एकाच नंबरवरून आम्हाला कळवा.

पैसे ५० टक्के आधी, ३० टक्के नमुना मान्य झाल्यावर, उरलेले वेबसाइट चालू करण्याआधी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आम्ही तुमच्याच नावाने, तुमच्या ईमेल आणि मोबाईलवर घेतो, आमच्या नावाने कधीच नाही. उद्या दुसऱ्याकडे काम न्यायचं झालं तरी तुम्हाला कोणाला विचारावं लागू नये. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत तिच्यावर क्लिक केलं नाही तर चालू वेबसाइट बंद पडते. तेव्हा ईमेल तुम्ही खरोखर उघडता तोच द्या, भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलेला नको.

दिवाळीच्या पर्यटकांसाठी वेबसाइट हवी असेल तर साहित्य जुलैपर्यंत द्या, आंब्यासाठी डिसेंबरपर्यंत. नवीन वेबसाइट गुगलवर वर यायला वेळ लागतो. मार्चमध्ये केलेली वेबसाइट कलमं रिकामी झाल्यावर दिसायला लागते. गणपतीत आणि शिमग्यात आमचं काम बंद असतं, तुमचंही असेलच.

रेंजच नसेल तर पेनड्राइव्ह आणून दिलात तरी चालेल. त्याच्यावर नाव आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी चिकटवा. ड्रॉवरमध्ये आत्ता बिननावाचे ३ पडून आहेत.