रायझोबियम : मुळांच्या गाठींतील कार्बन चयापचय आणि ॲमिनो आम्लांचे ग्रहण

वाटाणा, हरभरा, तूर, सोयाबीन, लसूणघास यांसारख्या शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी निर्माण करून त्यांत हवेतील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर, म्हणजे नायट्रोजन स्थिरीकरण, करणाऱ्या जीवाणूंना रायझोबिया म्हणतात. गाठीच्या पेशीत शिरल्यावर त्यांचे रूप बदलते. या बदललेल्या अवस्थेला बॅक्टेरॉइड असे नाव आहे.

मातीत मोकळे असताना हे जीवाणू अनेक प्रकारच्या शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि ॲमिनो आम्ले वापरू शकतात. जलद वाढणाऱ्या जातींत फॉस्फोफ्रक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) नसल्यामुळे ग्लुकोजच्या विघटनाचा नेहमीचा मार्ग त्यांना बंद असतो, आणि शर्करा मुख्यतः एन्टनर-डूडोरॉफ या पर्यायी मार्गाने पायरुवेट या तीन कार्बनी संयुगापर्यंत पोहोचते.

गाठीत हे चित्र पार बदलते. पानांकडून सुक्रोज (साखर) भरपूर येत असले तरी ते बॅक्टेरॉइडला जसेच्या तसे मिळत नाही. वनस्पतीची पेशी त्याचे विघटन करून मॅलेट तयार करते, आणि बॅक्टेरॉइडभोवतीच्या पटलातून मॅलेट, सक्सिनेट यांसारखी चार कार्बनी आम्लेच आत जातात. याचा भक्कम पुरावा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकांत बदल झालेल्या, जीवाणूंनी दिला. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज वापरता न येणारे जीवाणू नायट्रोजन स्थिर करत राहिले. उलट ही चार कार्बनी आम्ले आत घेणारा डीसीटीए हा वाहक (पटलातून पदार्थ नेणारे प्रथिन) नसलेल्या जीवाणूंनी गाठी तयार केल्या, पण त्या गाठी निष्फळ ठरल्या. क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्यावरील असा प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आत आलेल्या मॅलेटचा एक भाग ऑक्झॅलोॲसिटेट बनतो, तर दुसऱ्यापासून मॅलिक विकराच्या साहाय्याने पायरुवेट आणि त्यातून पुढे ॲसिटिल-कोए तयार होते. ऑक्झॅलोॲसिटेट आणि ॲसिटिल-कोए एकत्र आल्यावर क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवून देणारी अभिक्रियांची साखळी, चालू राहते. लसूणघासेच्या सायनोरायझोबियममध्ये एनएडी या सहविकरावर अवलंबून असलेले मॅलिक विकर नसेल तर स्थिरीकरण थांबते. मात्र एका जातीवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियममध्ये क्रेब्ज चक्रातील २-ऑक्सोग्लुटारेट डीहायड्रोजिनेज हे विकर नसतानाही स्थिरीकरण होऊ शकते.

या सगळ्या ऊर्जेचा मोठा ग्राहक नायट्रोजिनेज, म्हणजे नायट्रोजन स्थिर करणारे विकर, आहे. नायट्रोजनाच्या एका रेणूमागे त्याला किमान १६ एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) आणि ८ इलेक्ट्रॉन लागतात, आणि ऑक्सिजनाने तो निकामी होतो. म्हणून गाठीतील लेगहीमोग्लोबिन हे ऑक्सिजन धरणारे प्रथिन मुक्त ऑक्सिजन अत्यल्प ठेवून श्वसनापुरता पुरवठा करते. शेतात गाठ नखाने फोडली असता आत दिसणारा गुलाबी रंग याच द्रव्याचा असतो. हिरवट किंवा पांढरी गाठ सहसा काम करत नसते.

तयार झालेला अमोनिया बॅक्टेरॉइड स्वतःसाठी फारसा वापरत नाही. तो वनस्पतीकडे जातो आणि वाटाण्यात मुख्यतः ॲस्परॅजिन या ॲमिनो आम्लाच्या, तर तूर, मूग व सोयाबीनमध्ये युरिआइड या नायट्रोजनयुक्त संयुगांच्या रूपाने वर पोहोचवला जातो.

मॅलेट आत आणि अमोनिया बाहेर, असा सुटसुटीत हिशेब पुष्कळ काळ पुरेसा मानला जात होता. तो अपुरा आहे हे वाटाण्याच्या रायझोबियम लेग्युमिनोसॅरमवरील कामातून स्पष्ट झाले. या जीवाणूत एएपी आणि बीआरए असे दोन वाहक असून ते अनेक प्रकारची ॲमिनो आम्ले आत घेतात. दोन्ही वाहक काढून टाकल्यावर झाडाला नायट्रोजनाची उपासमार सोसावी लागते, असे २००३ मध्ये इंग्लंडमधील रेडिंग येथील संशोधकांनी दाखवले आणि वनस्पती व बॅक्टेरॉइड यांच्यात ॲमिनो आम्लांचे चक्र चालत असावे असे सुचवले. २००९ मध्ये या कल्पनेला अधिक नेमके रूप मिळाले. खरी गरज ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या शाखायुक्त ॲमिनो आम्लांची होती. मोकळा जीवाणू ती स्वतः बनवतो. गाठीत मात्र त्यांची निर्मिती मंदावते आणि तो पूर्णपणे यजमानावर विसंबून राहतो. पुरवठा आत घेता न आलेले बॅक्टेरॉइड संख्येने कमी, आकाराने लहान आणि कमी डीएनए असलेले आढळले. या पुरवठ्यातून वनस्पती जीवाणूंची वाढ आणि टिकाव यांवर ताबा ठेवते, हा या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणावा लागेल.

हा ताबा सर्वत्र सारखा नसतो. वाटाणा आणि लसूणघास यांतील प्रौढ बॅक्टेरॉइड पुन्हा विभाजित होऊ शकत नाहीत आणि त्यांत कार्बनाचा साठाही सहसा नसतो. सोयाबीनमधील बॅक्टेरॉइडांमध्ये मात्र पॉलीहायड्रॉक्सीब्युटिरेट या कार्बनसाठ्याचे कण भरपूर दिसतात, आणि गाठ कुजल्यावर ते मातीत पुन्हा मोकळे जीवन सुरू करू शकतात.