टॉवर आला की कॅन्सर? नाही हो
बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्यांवर फोन लावायला टेकाड चढावं लागतं, अन तरी टॉवर यायचं म्हणलं की कुणीतरी म्हणतंच, नको बाबा, कॅन्सर होतो. लई वर्षांपासून चालू आहे हे. टॉवरच्या रेडिओ लहरींत एक्स-रेसारखी डीएनए तोडायची ताकदच नसते. २०११ ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं ह्या लहरी 'कॅन्सरची शक्यता असू शकते' अशा गटात टाकल्या, म्हणजे पुरावा तोकडा, पण लोकांनी ऐकलं फक्त कॅन्सर. सप्टेंबर २०१२ ला भारतानं टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा केली होती. उलट टॉवर लांब असला की कानाला लावलेला मोबाईलच जास्त जोरानं सिग्नल फेकतो, बॅटरी पण त्यानंच लवकर उतरते (हे कुणी सांगत नाही). शंकाच असंल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून टॉवरच्या लहरींची मोजणी करून घेता येते.